दुसरं काही घेता का?

माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची मी भरल्या सभागृहात अब्रू काढली. हो, मीच. मुद्दाम, ठरवून, आठवडाभर मनात घोळवून. लोक म्हणतात, काही झालं तरी बहीण आहे, असं करायला नको होतं. म्हणू देत. तिनं काय केलं ते आधी ऐका.

आमचं शिवणकामाचं दुकान घरातच आहे, पुढच्या खोलीत. दोन मशीन, एक कापायचं टेबल आणि खिडकीशी उंच आरसा. एका मशीनवर मी, दुसऱ्यावर माझी सून. मुलगा ट्रक चालवतो, आठवड्यातले पाच दिवस बाहेर, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. सुनेचं माप कसं अगदी नेमकं, म्हणून नवा नमुना मी आधी तिच्या अंगावर लावून बघायची. मागच्या वर्षी अशीच एका झग्याची छातीकडची बाजू टाचत होते आणि बोटांना काहीतरी लागलं. डावीकडे, काखेच्या जरा खाली, वाटाण्याहून मोठं. "हे काय गं?" म्हटलं, तर म्हणते, "असेल काहीतरी, तुम्ही टाचा." मी टाचण्या काढल्या, गळ्यातली टेप उतरवली आणि तिला तशीच दवाखान्यात नेली.

कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी केमो देऊ, गाठ लहान झाली की ऑपरेशन. दर तीन आठवड्यांनी एक सलाईन, अशी सहा.

आता माझी बहीण. तिला सगळे टॉनिक म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिला ते आवडतं. एका कंपनीच्या पावडरी आणि कॅप्सूल विकते, शिवाय आणखी चाळीस जणींना विकायला लावते. सर्दीपासून नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळ्यावर तिच्याकडे डबी आहे. पहिलं सलाईन झाल्यावर आली, सुनेचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि हिरव्या कॅप्सूलच्या चार डब्या टेबलावर मांडल्या.

"पानांचा अर्क आहे, ताई. सकाळी उपाशीपोटी चार. केमोचं विष पार धुऊन काढतो."

"डॉक्टरांना विचारते मी."

"वेडी की काय! त्यांना असलं काही खपत नाही. त्या विचारतील, दुसरं काही औषध घेता का? नाही म्हणायचं. हे औषध नाहीच मुळी, आहार आहे. मग तू खोटं कुठं बोललीस?"

आणि मला ते पटलं! आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण तेव्हा पटलं. दर सलाईनआधी नर्स फॉर्म घेऊन यायची आणि विचारायची, "दुसरं काही औषध चालू आहे का?" सून मळमळीनं डोळे मिटून पडलेली असायची. तिच्या वतीनं मीच सांगायची, "नाही हो, काही नाही." एकदा ती पुटपुटली, "आई, त्या कॅप्सूल..." मी म्हटलं, "गप गं, ते खाणं आहे." नर्सनं फॉर्मवर रेघ मारली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

तिसऱ्या सलाईननंतर सुनेचे डोळे पिवळे दिसायला लागले. रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे असायला हवेत त्याच्या नऊपट. चौथं सलाईन रद्द. डॉक्टरीणबाईंना कारण सापडेना. शेवटी त्यांनी मला बाहेर बसवलं आणि तिला वेगळंच विचारलं, "सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं, अगदी पाण्यापासून सांग." तिनं सगळं सांगितलं. दार अर्धवट उघडं होतं, मी बाहेर बसून ऐकत होते. मग त्यांनी मला आत बोलावलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "साधी जीवनसत्त्वाची गोळीसुद्धा एकाला लागते, दुसऱ्याला बाधते. लागली तर मी स्वतः लिहून देते. पण काय चाललंय हे मला कळलंच नाही, तर मी करू काय?"

सहा आठवडे केमो बंद. लहान होत आलेली गाठ पुन्हा वाढली. टॉनिकला फोन केला तर काय म्हणाली असेल? "डोळे पिवळे झाले? अगं, उत्तम! शरीरातली घाण बाहेर पडतेय. आता चारच्या सहा कर." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन आपटला, उरलेल्या कॅप्सूल संडासात ओतल्या आणि त्या दिवशी ठरवलं, हिला सोडायची नाही.

कॅप्सूल थांबल्या तसे आकडे हळूहळू उतरले. केमो पुरा झाला. आधी नुसती गाठ काढू म्हणत होत्या, आता पूर्ण स्तन काढावा लागला. ते त्या सहा आठवड्यांमुळेच झालं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. मी म्हणते.

सुनेच्या डोक्यावर जरा कुठं केस यायला लागले होते, तेवढ्यात टॉनिक हजर. चेहरा नुसता फुललेला. कंपनीचं वार्षिक संमेलन होतं आणि तिला स्टेजवर बोलावणार होते.

"सुनेला घेऊन ये, ताई. दोनच शब्द बोलू दे, आमच्या कॅप्सूलनं कशी तरली ते. आणि मला एक कोट शिवून दे, जांभळा."

ऐकलंत? लाज नावाची चीज हिच्या वाट्याला आलीच नाही. सून म्हणाली, "मी येणार नाही," आणि मशीन सुरू केलं. मी मात्र गोड आवाजात म्हटलं, "मी येते की. मी बोलते." टॉनिकनं मला मिठीच मारली.

कोटाच्या ट्रायलला मी खाली बसून घेर टाचत होते. तोंडात टाचण्या. ती आरशात स्वतःला न्याहाळत बडबडत होती. "पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे ना, म्हणून सध्या मी यातलं काहीच घेत नाही गं. सगळ्या डब्या पिशवीत भरून डॉक्टरांकडे नेल्या, एकेक दाखवली. ते म्हणाले, सगळं बंद, नाहीतर रक्त थांबायचं नाही. त्या दिवसापासून हात लावला नाही. उगाच जिवाशी खेळ कशाला?"

तोंडात टाचण्या होत्या म्हणून ती वाचली. स्वतःच्या गुडघ्यासाठी पिशवीभर डब्या डॉक्टरांपुढे, आणि माझ्या सुनेच्या जिवाचा प्रश्न होता तेव्हा 'नाही म्हणायचं'! मी टाचण्या एकेक करून काढल्या आणि म्हटलं, "हात वर कर बघू, काखेत ओढतंय का?"

कोट मात्र अव्वल शिवला. कुठं एक चुणी म्हणून नाही. तिची फजिती होताना लोकांनी माझ्या शिलाईला नावं ठेवलेली मला चालली नसती.

सभागृहात दोनशे माणसं होती. टॉनिकनं 'माझ्या बहिणीच्या घरातला चमत्कार' म्हणून मला पुढं केलं. मी जाताजाता विक्रीच्या टेबलावरची एक डबी उचलली, माईकसमोर उभी राहिले आणि चार कॅप्सूल तळहातावर काढून तिच्यापुढं धरल्या. "घे. माझ्या सुनेला रोज द्यायला लावत होतीस तेवढ्याच आहेत."

ती हसली. "ताई, आत्ता काय!"

"का? ऑपरेशन आहे म्हणून? तुझ्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं म्हणून? त्यांच्याकडे पिशवी भरून डब्या नेल्यास ना? आणि आम्हाला काय शिकवलंस? डॉक्टरांना सांगू नका! माझ्या सुनेचे डोळे पिवळे झाले तेव्हा काय म्हणालीस? आणखी दोन वाढव!"

पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "मॅडम, हे खरं आहे का?" टॉनिकनं माईककडे हात नेला आणि मागे घेतला. जांभळ्या कोटात नुसती उभी. काय गार वाटलं मला! मागून एक माणूस आला, त्याची बायकोही केमोवर होती. त्यानं हातातली डबी टेबलावर ठेवली आणि मला विचारलं, "पण मग तुमच्या सुनेनं तरी डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"भोळी हो ती," मी म्हटलं. "मावशी म्हणाली तशी वागली. लपवून ठेवलं बिचारीनं." जीभ जरासुद्धा अडखळली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आले ती जवळजवळ नाचतच. कधी एकदा सांगते असं झालं होतं. सून मशीनशी बसली होती, पण मशीन बंद होतं.

"अगं, ऐक तर काय झालं..."

"बघितलं मी. कुणीतरी व्हिडिओ पाठवला." तिनं फोन वर केला, व्हिडिओ जरा मागे नेला आणि लावला. खोलीत माझाच आवाज आला. लपवून ठेवलं बिचारीनं. मग टाळ्या.

"आई, मी लपवलं?"

"अगं, बोलण्याच्या ओघात गेलं. मुद्दा तो नव्हता."

"दर वेळी 'नाही' कोण म्हणालं, ते तुम्हाला माहीत आहे. आता दोनशे लोकांना वाटतंय की मीच माझं वाटोळं करून घेतलं." आवाज चढला नव्हता. "तुम्हाला मावशींवर सूड घ्यायचा होता, तो घेतलात. मी कुणावर घेऊ?"

तिनं फोन उलटा ठेवला आणि काम सुरू केलं.

टॉनिकच्या चाळीस जणींतल्या तीस तिला सोडून गेल्या, असं नंतर कानावर आलं. छान झालं. तिची मला आजही दया येत नाही, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसंच करीन. पण त्या आठवड्यात सुनेची तपासणी होती. पहिल्या दिवसापासून एकही फेरी मी चुकवली नव्हती. सकाळी रिपोर्टांची फाईल घेऊन चपला घातल्या आणि दारात उभी राहिले, तर बाहेर तिची आई गाडीत बसलेली. सुनेनं माझ्या हातातून फाईल घेतली.

"तुम्ही दुकान बघा," म्हणाली. "तिथं जे विचारतील ते माझं मी सांगेन."