तारा तुटल्यावरची हजेरी

तारा तुटला की आमच्या घरी हजेरी व्हायची. ही रीत याडीची, म्हणजे माझ्या आईची, गोमतीबाईची. तारा तुटला म्हणजे कुणाचा तरी जीव गेला, मग आपली माणसं जागेवर आहेत का ते लगेच बघायचं, अशी तिची समजूत. सगळ्यांनी अंगणात उभं राहायचं, ती एकेक नाव घेणार, ज्याचं त्याने 'हाव', म्हणजे 'हो', म्हणायचं. शेवटच्या नावाला उत्तर मिळेपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. कुणी रिसोडला बाजाराला गेलं असलं तर त्याचं 'हाव' तीच म्हणायची.

शेवटचं नाव बादलचं. माझा धाकटा भाऊ. शेंडेफळ म्हणून तो शेवटी यायचा. लग्न झालं, पोर झाली, तरी शेवटीच राहिला. दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेला, तिकडे नदीत पोहायला उतरला आणि वर आलाच नाही. पाच दिवस शोधलं, पण प्रेत सापडलं नाही. याडीने त्याचे दिवस करू दिले नाहीत. त्याच्या बायकोचं, रंजीताचं कुंकू पुसू दिलं नाही. हजेरीत त्याचं नाव घ्यायची आणि स्वतःच 'हाव' म्हणायची.

मी चिडायचो. "किती दिवस फसवतं स्वतःले?" म्हणून एकदा भरलं ताट आपटलं होतं. गेलेल्याला गेला म्हण, एवढंच माझं म्हणणं होतं.

परवा दिवेलागणीनंतर आम्ही अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. एकाएकी अंगण उजळलं. हिरवट उजेडाचा गोळा लिंबाच्या शेंड्यावरून सरकत गेला, त्याचे दोन तुकडे झाले आणि विझला. मागाहून गडगडल्यासारखा आवाज आला. एवढा मोठा तारा तुटताना मी जन्मात पाहिला नव्हता.

याडी उठली.

"देवानंद."

"हाव," मी कुरकुरत म्हणालो.

"संगीता." माझी बायको 'हाव' म्हणाली. मग रंजीता. मग बादलची सहा वर्षांची रुचिका, सगळ्यांत मोठ्याने.

याडी खाली बसली. सूप मांडीवर घेऊन शेंगा सोलू लागली.

आम्ही उभेच.

"याडी, बादल राह्यला," मी म्हणालो. मीच.

"कायले बोलावू त्याले?" तिने मान वर केली नाही. "आता गेला ना तो. डोयानं पाह्यलं म्या."

रंजीताने तोंडात पदर कोंबला. दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकलं तेव्हा वाटलं, याडीने ते परत घ्यावं. तिच्या खोट्या 'हाव'वर मीही जगत होतो. मी बादलचं नाव घेतलं. 'हाव'ही मीच म्हणणार होतो, पण तेवढ्यात उंबरठ्याकडे नजर गेली.

रुचिका उंबरठ्याशी थांबली होती.

"मोठेबाबा, हजेरी झाली का? आत जाऊ?"

हाव म्हणायला कुणाचीच जीभ रेटेना.