माहेरवाशिणींचा सामना

गडब गावचे हैबतराव म्हणजे कबड्डीचे पंच. पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही गावात स्पर्धा असो, शिटी त्यांच्याच गळ्यात असायची. पण गेल्या वर्षी एका सामन्यात चढाईपटूसोबत रेषेवरून धावता धावता त्यांच्या छातीत एकदम टोपलीखाली झाकलेली कोंबडी फडफडावी तसं झालं. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते मैदानातच खाली बसले.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली. हृदयाचे ठोके बेताल पडतात म्हणाल्या. ठोके आवरायला एक गोळी, रक्त पातळ ठेवायला दुसरी. गोळ्यांनी फडफड थांबली, भीती मात्र थांबली नाही. त्यात थंडी पडली आणि कुणीतरी सांगितलं की गारठा हृदयाला वाईट. झालं! हैबतरावांनी गोधडी धरली ती धरलीच. कोपऱ्यावरच्या दुकानात पेपर आणायला जाणंही बंद.

त्यांची बायको बायजा हे सगळं महिनाभर बघत होती. एक दिवस तिने त्यांना उठवलं, रिक्षात घातलं आणि पुन्हा डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

"थंडीत शिरा आकसतात, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, हे खरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण म्हणून बसून राहणं जास्त वाईट. ऊन वर आलं की चालायला निघा. आधी घरातच दहा मिनिटं हातपाय हलवा. नाकावरून मफलर घ्या. फडफड झाली तर थांबा, बसा. निवली नाही तर मला फोन करा. छातीत दुखलं, चक्कर आली, तर सरळ इकडे. आणि चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की समजा, वेग जास्त झाला."

"बोलायचं माज्यावर सोडा," बायजा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दोघं निघाली. हायवेच्या मागे वालाच्या शेतांमधून जाणारी वाट होती. पानांवर उरलंसुरलं दव, ऊन उबदार. हैबतराव दोन पावलं टाकायचे आणि छातीवर हात ठेवून कानोसा घ्यायचे.

"काल जेवण कसं झालतं?" बायजाने विचारलं.

"बरं."

"आन् आज हवा कशी हाय?"

"गार."

"अशी एकेका शब्दाची उत्तरं देऊन दम कळतो व्हय? नीट बोला."

मग हैबतराव बोलू लागले. पहिले दोन दिवस कुरकुर, तिसऱ्या दिवशी भांडण. भांडणात दम लागला म्हणून दोघं वाटेतल्या ओहोळावरच्या मोरीच्या कठड्यावर बसली आणि हसत सुटली. आठवड्याभरात मोरी मागे पडली. पंधरा दिवसांत दोघं पार पलीकडच्या वाडीपर्यंत जाऊन परत येऊ लागली.

एका सकाळी हैबतराव जुन्या अंतिम सामन्याची गोष्ट सांगत होते. चढाईपटू तिघांना शिवून कसा निसटला, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं.

"मग कोपऱ्यातला गडी पुढं सरकला असणार," बायजा म्हणाली. "त्यानं जागा सोडली नसती तर पकड झालीच असती."

हैबतराव जागच्या जागी थांबले. तसंच घडलं होतं.

"तुला काय गो म्हायती?"

"म्हायती कशी नाय? रोह्याच्या शाळेत डावीकडून चढाई मीच करायचे. जिल्ह्याला गेलो होतो आमी."

"पस्तीस वरसांत बोलली नाय कधी!"

"तुमी इचारलंत कधी? रविवार आला की शिटी घ्यायची आन् चालू लागायचं."

परतीच्या वाटेवर हैबतराव एकामागून एक प्रश्न विचारत राहिले आणि बायजा सांगत राहिली.

जानेवारीत तिच्या भावाचा, पुंडलिकाचा फोन आला. रोह्याजवळच्या त्याच्या गावात स्पर्धा होती आणि यंदा पन्नाशीपुढच्या माहेरवाशिणींचा गमतीचा सामना ठेवला होता. बायजाने खेळायला यावं आणि भाऊजींनी पंच व्हावं. हैबतराव आधी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, पट्टी पाहिली. संथ सामना असेल, सकाळी उन्हात असेल आणि जोडीला दुसरा पंच असेल तर जा, म्हणाल्या.

स्पर्धेच्या रविवारी मैदानाभोवती अख्खा गाव जमला होता. साडीचे काचे मारलेल्या बायका मैदानात उतरल्या आणि हसण्याचा गदारोळ उठला. हैबतरावांनी मैदानाला दोन संथ फेऱ्या मारल्या, मफलर सारखा केला आणि शिटी फुंकली. सामना रंगात आला. मध्यंतरानंतर मात्र छातीत फडफड झाली.

पूर्वीचे हैबतराव असते तर दात आवळून उभे राहिले असते. आज त्यांनी हात वर करून खेळ थांबवला, शिटी दुसऱ्या पंचाकडे, हिरामणकडे दिली आणि बाहेर खुर्चीवर बसले. बायजा खेळ सोडून धावत आली.

"काय होतंय?"

"फडफडलं जरा. चक्कर नाय, दुखत नाय. बसतो. तू जा."

ती जाईना. पुंडलिकाने पाणी आणलं. हैबतराव सावकाश श्वास घेत बसले. पाचेक मिनिटांत ठोके शांत झाले. त्यांनी मनगटावर बोटं ठेवून खात्री केली आणि बायजाला म्हणाले, "निवलं. आता जा गो, तुझी चढाई हाय."

बायजाने पदर खोचला. डावीकडून आत शिरली, कबड्डी-कबड्डीचा सूर न तोडता झुलली, वाकली आणि दोघींना शिवून मागे फिरली. तिसरीने पाय धरला, तरी बायजाने हात लांब करून रेषा गाठलीच.

हैबतरावांना खुर्चीवर राहवेना. पंचाला टाळी वाजवायची मुभा नसते. तीस वर्षं त्यांनी किती सुंदर चढाया हात बांधून पाहिल्या होत्या. आता शिटी दुसऱ्याकडे होती. त्यांनी बसल्या बसल्याच टाळ्या पिटल्या, मफलर हवेत फिरवला. "आमची हाय ती!" ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू लागले. "बायको हाय माजी!"

बायजाचा संघ दोन गुणांनी हरला. कुणाला त्याचं दुःख नव्हतं. दुपारी पुंडलिकाच्या अंगणात जाळात भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या पोपटीचं मडकं उघडलं, गरम वाफ उसळली आणि पानं वाढली गेली. बायजाचा गुडघा टम्म सुजला होता. हैबतराव तिच्याजवळ बसून शेंगा सोलून देत होते आणि विचारत होते, "तो दुसरा हात लावलास, तो नेमका कसा गो?"