पाठीचं माप

मास्तरांच्या गळ्यात टेप असायची, आणि त्या टेपला दुसऱ्या कुणाचा गळा लागून आता तिसरं वर्ष सरत आलं होतं.

कामाला तोटा नव्हता. उलट पूर्वी कधी नव्हतं इतकं काम होतं. दूरच्या शहरात नांदणाऱ्या लेकीने बापाचं शिवणाचं दुकान उचलून फोनवर नेऊन ठेवलं होतं. तिथे लोक कापड निवडायचे, चौकटींत आपापली मापं भरायचे, आणि रोज सकाळी मास्तरांच्या फोनवर आकड्यांची माळ उतरायची. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही तेवीस. मास्तर ती माळ खडूने कापडावर मांडत, कापत, शिवत, काजं करत, इस्त्री फिरवत. संध्याकाळी पार्सलवाला दारातूनच गठ्ठा घेऊन जाई. हेल्मेट काढायचीही त्याला फुरसत नसे, त्यामुळे त्याला केस आहेत की टक्कल, हे मास्तरांना अजून ठाऊक नव्हतं.

शिवून झालेले सदरे दांडीवर टांगलेले असत. दुपारच्या वाऱ्यात ते हळूच फुगत, हळूच बसत; आत कुणी निजून श्वास घेतंय म्हणावं. मास्तर मशीनवर हाताची उशी करून डोळे मिटत, तेव्हा ते सगळे आकडे कापडावरून उतरून रस्त्याला लागत. अडतीस छातीचे गृहस्थ पुढे, चौतीस कंबरेच्या बाई मागे, त्यांच्या मागे बावीसची बाही हलवत एक पोरगी. सगळे पाठमोरे. मास्तर हाका मारत, "अहो अडतीस! जरा थांबा, खांदा बघू द्या." अडतीस थांबत नसत. धुक्यात शिरत, आणि पहिल्या धुण्यात खडू जावा तसे पुसून जात.

एक गोष्ट मात्र मास्तरांना त्या आकड्यांतूनही कळायची. छाती, कंबर, बाही, सगळं माणसाला आपलं आपण मोजता येतं, थोडी ओढाताण करून. पाठीची रुंदी येत नाही. टेप धरायला हात उचलला की पाठ पंखासारखी पसरते, आणि माप दीडेक इंच फुगतं. त्यासाठी हात खाली सोडून उभं राहावं लागतं, आणि मागे दुसरं कुणीतरी लागतं. त्यामुळे चौकटीत पाठ सतरा दिसली, की मास्तर च्च करत. 'हाही एकटाच.' मग काही न बोलता साडेपंधराने कापत. सदरा ढगळ असतो, खपून जातो.

मास्तरीणबाई होत्या तेव्हा काजं करताना गुणगुणायच्या. शब्द त्यांचेच असत, चालही त्यांचीच.

*तोंड पाहे आरशात, हात पाहे डोळा,*
*पाठ माझी बाई गं, दुसऱ्याच्या हवाला.*

मास्तर तेव्हा म्हणत, "गाणं कमी, काजं जास्त." आता खोलीत काजंच काजं होती.

एका सकाळी कोटाची ऑर्डर आली. गडद निळं कापड, आत अस्तर. सगळी मापं भरलेली, पाठीची चौकट कोरी. खाली दोन ओळी होत्या: *पाठ मला एकटीला मोजता येत नाही. अंदाजे धरा, पण कोट पाठीवर नीट बसला पाहिजे. समोरून कसाही चालेल.*

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. समोरून कसाही चालेल, असं म्हणणारं गिऱ्हाईक चाळीस वर्षांत भेटलं नव्हतं. त्यांनी लेकीला फोन लावला.

"अगं, ही कोटवाली कोण आहे?"

"मला काय माहीत बाबा? ऑर्डर आहे. मीडियम धरा आणि मोकळे व्हा."

"पाठ काय मीडियम असते होय? कोट आहे तो. पाठीवर एक सुरकुती पडली तर ती मलाच शिव्या घालेल."

"मग ती भिंतीची युक्ती सांगा तिला. तुम्ही स्वतःचं माप तसंच घेता ना?"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

"मागे आले होते तेव्हा कपाटाच्या दारावर दोन पांढऱ्या खुणा होत्या. मी पुसल्या." लेकीचा आवाज जरा खाली आला. "तेव्हा काही बोलले नाही, एवढंच."

खरं होतं ते. मास्तरीणबाई गेल्या त्या वर्षी मास्तरांनी स्वतःसाठी सदरा बेतला, आणि मग टेप हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. शेवटी दोन्ही खांद्यांच्या टोकांना खडू फासला, हात खाली सोडले आणि कपाटाला पाठ टेकवली. दारावर दोन ठिपके उमटले. मधलं अंतर मोजलं. माप अगदी चोख. घटकाभर त्यांना आपल्याच अकलेचं कौतुक वाटलं. मग ते त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. मास्तरीणबाई दरवर्षी माप घ्यायच्या तेव्हा म्हणायच्या, "हात सोडा खाली. श्वास घ्या. अगंबाई, किती हो वाळलात!" कपाटाने माप दिलं. किती वाळलात, असं काही ते म्हणालं नाही.

मास्तरांना टंकता यायचं नाही. "माझी बोटं सुईची, काचेवर घसरतात," असं ते म्हणत. ते फोनमध्ये बोलायचे, आणि समोरची माणसं लिहायची. त्यांनी कोटवालीसाठी निरोप सुरू केला, "ताई, थोडा खडू घ्या..." आणि तिथेच थांबले. तो निरोप पुसला. दुसरा पाठवला.

"ताई, पाठीचं माप दुसऱ्यानेच घ्यावं लागतं. कुणाला तरी सांगा की."

उत्तर लगेच आलं. *कुणी नाही.*

"शेजारी?"

*शेजारी आहेत. ओळख नाही. फोनवरच्या गटावर रोज अंगठे दाखवतो एकमेकांना, तेवढंच.*

"आमच्या वेळी अंगठा दाखवला की भांडण व्हायचं," मास्तर म्हणाले.

पलीकडून एक हसरा चेहरा आला. मग बराच वेळ काही नाही. मास्तरांना वाटलं, गेली. तेवढ्यात मोठा मजकूर उतरला.

*मी घरी बसून चित्रफितींखालच्या ओळी लिहिते. लोक बोलतात ते ऐकायचं आणि टंकायचं. कोण कुठे रडतं, कुठे आवंढा गिळतं, सगळं कळतं मला. मी स्वतः मोठ्याने शेवटचं कधी बोलले, ते आठवत नाही. आता माझ्या कामाला बक्षीस मिळालंय. नऊ दिवसांनी कार्यक्रम आहे. मंचावर जायला सात पायऱ्या आहेत, फोटोत मोजल्या मी. चढताना सगळ्यांना आधी माझी पाठच दिसणार. चार वर्षं लोकांनी मला पडद्यावरच्या चौकोनात पाहिलंय, मानेच्या वर. मला पाठ आहे हे कुणाला माहीत नाही. मीही विसरले होते, तुमची ती चौकट येईपर्यंत.*

आणि खाली एकच ओळ: *दुसरा काही उपाय नाही का?*

मास्तरांनी कपाटाकडे पाहिलं. दार स्वच्छ होतं.

"नाही," ते फोनमध्ये म्हणाले. "तीन दिवसांत माप कळवा. चार दिवस शिवायला, दोन पोचायला."

चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी ते खोटं बोलले नव्हते असं नाही. उद्या देतो म्हणून परवा दिलंच होतं. पण हे खोटं वेगळं होतं. ते कापडात राहिलेल्या टाचणीसारखं टोचत राहिलं.

पहिला दिवस गेला. मास्तरांनी कोटाच्या बाह्या कापल्या, अस्तर कापलं, कॉलर कापली. पाठीचं कापड घडी घालून बाजूला ठेवलं. दुपारी डोळा लागला तेव्हा सात पायऱ्या दिसल्या, पाण्यातून वर आलेल्या. एक निळा कोट एकेक पायरी चढत होता. त्याला बाह्या होत्या, कॉलर होती, आणि मागे काहीच नव्हतं. पाठीच्या जागी आरपार उजेड दिसत होता. मास्तर सुई घेऊन मागे धावले तर दोरा संपलेला.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही काय सांगून बसलात तिला? ती ऑर्डर रद्द करायचं विचारतेय."

"का?"

"का म्हणजे? लिहिलंय, 'मी कार्यक्रमाला जातच नाही, घरूनच बघेन.' अहो, एक युक्ती सांगायला काय जात होतं तुमचं? कपडे शिवायचे की लोकांना वळण लावायचं?"

"तिला माणूस हवंय गं."

"तिला कोट हवाय, बाबा! माणूस तुम्हाला..." लेक अर्ध्यात थांबली. "जाऊ द्या. मी असं बोलायला नको होतं."

"असू दे आता. बोललीस ते खरंच आहे."

 पलीकडे लेकीच्या घरातला पंखा ऐकू येत होता, इकडे मास्तरांच्या भिंतीवरचं घड्याळ तिला ऐकू जात असेल. मग लेक म्हणाली, "जेवलात का?" आणि मास्तर "हो" म्हणाले, जेवले नव्हते तरी.

फोन ठेवल्यावर ते पाठीच्या कापडावर हात फिरवत बसले. आपल्याला जे हवं ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं, आणि वर त्याला शहाणपण म्हणायचं. ती आता घरात बसून चौकोनातूनच स्वतःचं बक्षीस बघणार. कुणामुळे? तर एका म्हाताऱ्याला वाटलं, भिंत बोलत नाही.

त्यांनी फोन तोंडाशी धरला.

"ताई, मास्तर बोलतोय. मी खोटं बोललो तुमच्याशी. उपाय आहे. खांद्यांच्या टोकांना खडू लावा, हात खाली सोडा, भिंतीला पाठ टेकवा. दोन खुणा उमटतील, तेवढं मोजा. तुमची भिंत पांढरी असली तर खडू रंगीत घ्या. माझी बायको गेल्यापासून मी माझं असंच घेतो. माप चोख येतं. फक्त... भिंत काही विचारत नाही, एवढंच. मला वाटलं, तुम्हाला कुणीतरी विचारावं. तो माझा आगाऊपणा झाला. कार्यक्रमाला जा, ताई. पायऱ्या चढा. मी कोट देतो वेळेवर."

निरोप गेला. उत्तर आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तर सकाळपासून दुसरं काम घेऊन बसले, पण मशीन चालेना. पायाखाली पट्टा सुटत होता, की पायच विसरत होता, देव जाणे. उन्हाचा तुकडा दांडीवरच्या सदऱ्यांवरून सरकत सरकत जमिनीवर आला. मग फोन वाजला. मजकूर नव्हता. आवाजाचा निरोप होता, सतरा मिनिटांचा.

मास्तरांनी फोन कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि बटण दाबलं.

आधी नुसता खरखराट. मग एक आवाज, बारीक, वापरात नसलेला, खुंटीवरून बऱ्याच दिवसांनी काढलेल्या कपड्यासारखा घड्या पडलेला. "मास्तर, मी... कोटवाली. माझ्याकडे खडू नव्हता. भिंत पांढरीच आहे. तर मी शेजारी..."

तिला पुरतं बोलू न देता दुसरा आवाज आत घुसला, जाडाभरडा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"मी सांगते, तू सरक! अहो मास्तर, मी शेजारची. निवृत्त शिक्षिका. चार महिन्यांपूर्वी मी गटावर लिहिलं, रंगीत खडूंचा डबा आहे, हवा असेल त्याने न्यावा. एकोणीस अंगठे आले! न्यायला कोण आलं? ही, आज! दारात उभी, तोंडातून शब्द फुटेना. म्हटलं, कशाला गं हवाय खडू? तर म्हणते, पाठ मोजायला. म्हटलं, मग मी काय मेलेय?"

मागे बारीक आवाज हसला. ते हसणं जरा लंगडत आलं, मग सरळ चालू लागलं.

"हात खाली सोड. अगं सोड ना, मी काय छडी मारतेय का? श्वास घे. हं. चौदा. नाही, थांब, तू खांदे आक्रसतेस. आता बघ. पावणेपंधरा! लिहा हो मास्तर, पावणेपंधरा. पोरी, किती गं वाळलीयस. काय खातेस की नाही? दिवसभर त्या दिव्यापुढे बसून..."

मास्तरांनी लिहून घेतलं. आकडा दुसऱ्याच मिनिटाला आला होता. निरोप थांबवायचा मात्र त्या दोघीही विसरल्या होत्या, आणि तो चालूच राहिला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पेला ठेवल्याचा. शिक्षिकेने दारावरची घंटा दोन वर्षं बंद असल्याचं सांगितलं; दुरुस्त कशाला करायची, वाजवतंय कोण? कोटवाली म्हणाली, "तुमचा रेडिओ ऐकू येतो मला. सकाळी तुम्ही त्याच्याबरोबर गाता." "अगंबाई! ऐकू येतं?" "हो. दुसरं कडवं नेहमी चुकता." मग पायऱ्यांची गोष्ट निघाली. सात आहेत म्हटल्यावर शिक्षिका म्हणाली, चल, आपल्या जिन्यात सात चढून बघ, मी खालून बघते. कोटवाली म्हणाली, कोट आल्यावर बघा, आत्ताच कशाला? अगं सराव नको का?

पाठीचं कापड मास्तरांच्या पुढ्यात पसरलं होतं, कात्री उघडी होती. त्यांनी ती तशीच ठेवली. मान थोडी कलती करून ते ऐकत होते, दोघींच्या मागे तिसऱ्या खुर्चीत बसल्यासारखे.

सोळाव्या मिनिटाला शिक्षिकेचा आवाज एकदम जवळ आला. "अगं, हे अजून चालूच आहे की काय? मास्तर! ऐकताय? कोटाला आतून एक खिसा द्या हो, खोल. बायकांच्या कपड्यांना तुम्ही लोक खिसेच देत नाही."

"देतो, बाई, देतो," मास्तर रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले, आणि कापडाला कात्री लावली.