खांबामागची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्क मैदानावरची, एव्हर्टन फुटबॉल क्लबची, लाकडी आणि खांबामागची. यातलं शेवटचं मी आपणहून सांगितलं नसतं, पण लोक आधी तेच सांगतात.

छप्पर तोलणारा एक लोखंडी खांब नेमका माझ्यासमोर आहे. माझ्यावर सरळ बसलं की एका बाजूचा गोल दिसतच नाही. शेजारच्या खुर्च्यांना अख्खं मैदान दिसायचं. म्हणून पहिल्यापासूनच मी जळकी.

विल्फ केलाहर गोदीत कामाला होता. तरुणपणी तो पहिल्यांदा माझ्यावर बसला, खांबाला शिवी दिली आणि डावीकडे वाकला. मग वाकतच राहिला. केस पांढरे झाले, गुडघे गेले, वाकणं गेलं नाही.

मागच्या खुर्चीवरचा नॉर्मन दर सामन्याला ओरडायचा, "अरे विल्फ, तू वाकलास की मला वाकावं लागतं, माझ्या मागच्यालाही! बोटीत बसल्यासारखे दिसतो आपण."

"मग घरी बसून बघ की."

"घरी टीव्हीसमोर सासू बसते. त्यापेक्षा तुझा खांब बरा!"

सामन्याआधी जुन्या पद्धतीचा झगा घातलेली एक मुलगी मैदानाला फेरी मारते आणि लोकांत पेपरमिंटच्या गोळ्या उधळते. ही आमची रीत. विल्फ गोळी तोंडात टाकायचा आणि तिचा कागद माझ्या लाकडाच्या फटीत खोचायचा. माझे दागिने तेवढेच.

मग नदीकाठच्या नव्या मैदानाची बोलणी सुरू झाली. मला नवल वाटायला नको होतं. घर सोडून जाणं या क्लबला नवीन नाही. चर्चच्या मुलांनी काढलेला हा संघ पूर्वी शेजारच्या बागेपलीकडे ॲनफिल्डच्या मैदानावर खेळायचा. जागामालकाशी बिनसलं आणि सगळे उठून इथे आले. त्या रिकाम्या घरात दुसरा संघ उभा राहिला. तोच आजचा लाल कपड्यांतला लिव्हरपूल. जगात आता त्यांचंच नाव आधी निघतं आणि आमची निळ्या कपड्यांतली माणसं दातओठ खातात. मत्सर आमच्या घराण्यातच आहे.

मे महिन्यात पुरुषांच्या संघाचा इथला शेवटचा सामना झाला. लोक निघाले तरी विल्फ उठेना. त्याची नात ओर्ला त्याचा हात धरून म्हणाली, "चला ना आजोबा. तिकडे तर एकही खांब नाही."

"खांब नाही? मग गोल खाल्ला की शिव्या कुणाला घालू?"

माझ्या पाठीवर थोपटून तो गेला. नव्या मैदानावरच्या खुर्चीकडे.

त्या सवतीला मी अजून पाहिलेलं नाही, म्हणून तर ती फारच देखणी दिसते. गुळगुळीत, कोरी, कुठे फट नाही. पावसाळी दुपारी मी रिकामी असायचे आणि डोळ्यांसमोर यायचं ते एकच. विल्फ तिच्यावर ताठ बसलाय, दोन्ही गोल दिसताहेत, आणि मी कोण हे त्याला आठवतही नाहीये. तिचा एखादा स्क्रू निसटावा, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू?

पुढे क्लबचा महिला संघ आमच्या मैदानावर खेळायला आला. एका सामन्याला ओर्ला आजोबांना घेऊन आली. मागे नॉर्मन आधीच बसला होता. गुडघ्यांमुळे तो लांबच्या नव्या मैदानावर जात नव्हता. त्याने विचारलं, "काय विल्फ, तिकडे राजासारखा बसत असशील!"

ओर्लाच हसायला लागली. "नॉर्मनकाका, लाज आणतात हो हे! समोर सगळं मोकळं, तरी डावीकडे वाकून बसतात. शेजारच्या बाईच्या खांद्याला डोकं टेकायचं बाकी होतं. ती म्हणाली, काय हो, झोप आली का?"

विल्फ कानापर्यंत लाल झाला. "सरळ बसलं की चुकल्यासारखं होतं गं. मध्ये काही नसलं की कळतच नाही, बघायचं कुठे."

सामना सुरू झाला. विल्फ डावीकडे वाकला. नॉर्मन कुरकुरला आणि तोही वाकला.

माझी जळजळ संपली असं नाही. पुढच्या शनिवारी तो तिच्याकडेच जाणार आहे. मोठे सामने तिच्याकडे, गर्दी तिच्याकडे, विल्फही तिच्याकडे. पण तिच्यावर बसूनसुद्धा तो माझाच खांब चुकवत असतो.

म्हणून मैदानाची डागडुजी करणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. मला रंग द्या, खिळे ठोका, अगदीच वाटलं तर फटीतले कागदही काढून टाका. खांबाला मात्र हात लावू नका.