पुसातली सावली

दिवा मंदावला तेव्हा अंधार नुकता कुठे दाटू लागला होता. मुलांचा एक धडाही वाचून व्हायचा होता. सत्यशीलेने भिंतीवरचा जुना कंदील काढला, काच पुसली आणि तो पेटवला. मुलांना आता याची सवय झाली होती. तिला मात्र होत नव्हती.

एटापल्लीकडच्या त्या गावात विजेचे खांब अजून पोचले नव्हते. सूर्याच्या उजेडावर चालणारा एक दिवा गावाला मंजूर झाला, तो रामाजी मास्तरांच्या संध्याकाळच्या वर्गासाठी. त्यासाठी मास्तरांनी तालुक्याला किती खेटे घातले ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. दिवा फाल्गुनात आला. मास्तर माघातच गेले. सत्यशीला त्यांची एकुलती एक मुलगी, गावच्या शाळेत शिक्षिका. तिने दिव्याची ऊन झेलणारी काचेची पाटी आपल्याच कौलांवर बसवून घेतली आणि वर्ग चालू ठेवला. जाणारे-येणारे म्हणत, "मास्तरचा दिवा जळून राह्यला." ते कानावर पडले की घरात कोणीतरी जागे आहे असे तिला वाटे.

उन्हाळाभर दिवा लख्ख जळला. पावसाळ्यात रडतखडत चालला, ते समजण्यासारखे होते. पण आभाळ निवळले, थंडी पडली, तरी तो सुधारेना. दोष दिसत होता. घराच्या दक्षिणेला मोहाचे मोठे झाड होते आणि त्याची सावली दुपारभर पाटीवर लोळत असे. फाल्गुनात पाटी बसवताना हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. तेव्हा मोह उघडा-बोडका असतो, आणि सारा गाव खाली वाकून फुले वेचत असतो. वर पाहतो कोण?

झाड तोडायचे, असे तिने ठरवले. पण ते तिचे नव्हते. जमीन एकाची आणि मोह दुसऱ्याचा, अशी तिकडची जुनी रीत. हा मोह नाल्यापलीकडच्या वस्तीवरच्या, गोंडटोल्यावरच्या, बुधरीचा. तिच्या सासूच्या सासूपासून फुले त्याच घराने वेचलेली.

सत्यशीलेने तिला बोलावून सांगितले. बुधरीने झाडाकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"झाड तुह्या आंगनात हाय, बाई. तोडतो म्हनशील तं म्या का करू? पर मास्तर असता तं आधी मले इचारलं असतं. तू तं ठरवून सांगून राह्यली."

"आत्या, लेकरांच्या शिक्षणासाठीच ना?"

"आमच्या टोल्यावरचं कोनतं लेकरू येते तुह्याकडं?" एवढे बोलून बुधरी चालू लागली.

दुसऱ्या दिवशी अयूब आला. एटापल्लीत त्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते आणि या दिव्यांची देखभाल तो चंद्रपूरला शिकून आला होता. शिडी लावून तो कौलांवर चढला आणि तिथूनच बोलू लागला.

"बाई, पाटी बरी हाय. बॅटरीबी बरी हाय. बिमार जागा हाय."

"म्हणून तर झाड काढायचं म्हणते. पण अयूबभाऊ, सावली तर अर्ध्याच पाटीवर येते. मग अर्धा तरी उजेड मिळायला नको?"

"नाई मिळत, तीच तं गंमत हाय." तो खाली उतरला. "पाटीतल्या या चकत्या एकामागं एक जोडल्या हायेत. बंडीच्या जोडीतला एक बैल बसला तं दुसरा अर्धी बंडी ओढते का? जागच्या जागी ठप्प. एका ओळीवर सावली आली का साऱ्या पाटीचं काम बसते."

"फांद्या छाटल्या तर?"

"फुलं फांदीच्या शेंड्याले येते. छाटाल तं त्या बाईनं का वेचावं, पाला?" तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "अन् मोह गेला का मागं आंबा हाय. तो तोडाल, मंग चिंच. एका दिव्यापायी किती जंगल उजाड करता, बाई? झाड हलत नाई. पाटी हलते."

"हलवून नेऊ कुठं?"

"जिथी ऊन हाय तिथी. टोल्यावर बुधरीबाईचं आंगन हाय. दक्षिणेले नुसतं खळं."

"मग तार ओढून दिवा इकडेच ठेवता येईल?"

"एवढ्या लांब ओढली तं ताकद तारेतच मरते. पाटी जिथी, दिवा तिथी."

दिवा या घरातून जायचा! ओसरीतली बाबांची रिकामी खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे आली. तिच्यावर दुसरे कोणी बसत नसे.

"तो माझ्या बाबांचा दिवा आहे," ती हळूच म्हणाली.

"मास्तरचाच हाय," अयूब म्हणाला. "पर सूर्याले घरमालकाचं नाव दिसत नाई."

त्या रविवारी भर दुपारी ती टोल्यावर गेली. हातात आपल्या उंचीची बांबूची काठी होती. काठी उभी करून सावली मापायची, हे बाबांनीच तिला लहानपणी शिकवले होते. पूस, म्हणजे पौष महिना, लागला होता. खळ्यात रोवलेल्या काठीची सावली जवळजवळ काठीएवढी पडली. म्हणजे या दिवसांत भर दुपारीही झाड आपल्या उंचीएवढी सावली टाकणार. वैशाखात हीच सावली पायाशी गोळा होते, आणि माणूस फसतो. दक्षिणेला चिंचेचे एकच झाड होते, तेही खळ्यापलीकडे. चिंच आडवी पडली असती तरी तिचा शेंडा अंगणाच्या अर्ध्या वाटेपर्यंतसुद्धा पोचला नसता.

बुधरी दारात उभी राहून पाहत होती.

"मास्तरबी अस्साच काठी गाडे," ती म्हणाली. "इथीच. लेकरांले सावली दाखवे."

"बाबा? इथे?"

"तू तवा शिकाले चंद्रपूरले होती. रोज सांजच्याले कंदील घेऊन ये. मंग गुडघे गेले त्याचे. त्याचं येनं सरलं अन् आमच्या लेकरांचं शिकनं सरलं. मधात नाला हाय ना. पावसात तुह्या घराकडं कोन पाठवते लेकराले?"

सत्यशीला काठीला धरून उभी राहिली. बाबा उजेड घेऊन चालत येत होते. आपण तो कौलांना बांधून ठेवला, आणि त्यालाच त्यांची आठवण समजलो.

"आत्या," ती म्हणाली, "झाडाचं चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं. आता विचारते. दिवा तुझ्या अंगणात लावू का?"

बुधरीने काठीच्या सावलीकडे पाहिले. "लाव. पर मोह वेचाले मी येईनच."

"ये ना. मीही वेचू लागेन."

अयूबने पाटी टोल्यावर बसवली. संध्याकाळी सत्यशीला कंदील घेऊन निघू लागली. नाल्यापलीकडे उजेड आहे हे ठाऊक असूनही वाटेपुरता तो हवाच. गावातली मुले तिच्या मागून चालत. दिवा वर्ग संपेपर्यंत जळे. ओसरीतली खुर्चीही तिने टोल्यावर नेली. तिच्यावर बहुधा बुधरी बसे, आणि मुलांबरोबर मोठ्याने अक्षरे म्हणे.

आपल्याही गावात असे दिवे येतील, विहिरी येतील, शाळा येतील. त्या वेळी कोणाचे घर मोठे, कोणाचा मान मोठा, हे पाहून जागा ठरवू नये. ऊन कुठे पडते ते पाहावे, आणि तेही आपल्या सोयीच्या महिन्यात नव्हे, तर सावली सर्वांत लांब असते त्या महिन्यात. साखळीतली एक चकती अंधारात राहिली की सारी पाटी थांबते. गावाचेही तसेच आहे. आणि गेलेल्या माणसाचा दिवा जपायचा असेल, तर तो माणूस ज्या वाटेने जात होता ती वाट आधी शोधावी.