टिटवीच्या पाठीवरचं यंत्र

माळावर टिटवीचं घरटं शोधणं सोपं नसतं. घरटं म्हणजे गवतातला नुसता खळगा आणि अंडी थेट खड्यांसारखी. संशोधक ताईला नऊ वर्षं ही घरटी मामा दाखवत आले होते. मामा नात्यातले नव्हेत. पूर्वी याच माळावर मेंढ्या राखायचे, आता प्रकल्पात कामाला होते.

दरसाल उन्हाळा वाढत होता, घरटी घटत होती. तरी ताईचा निधी दोनदा नाकारला गेला. या खेपेला निधी देणाऱ्या समितीनं अट घातली: पक्ष्याच्या पाठीवर माग काढणारं यंत्र बसवताना आम्हाला प्रत्यक्ष बघायचंय. सकाळी सातला येतो म्हणाले आणि उगवले सव्वाबाराला.

तोवर जमिनीला हात लावायची सोय उरली नव्हती. टिटवी अंड्यांवर पंख पसरून, सावली धरून उभी होती, चोच उघडी टाकून. मामांनी ताईला बाजूला घेतलं.

"आत्ता हिला धरलं तर अंडी उकडतील. संध्याकाळी धरू."

ताईला हे ठाऊक होतं. तिच्या प्रबंधातच ते होतं. पण अध्यक्ष घड्याळ बघत होते.

"जाळं टाका, मामा," ताई म्हणाली. "नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मामांनी जाळं टाकलं. यंत्र दहा मिनिटांत बसलं. मग अध्यक्षांना टिटवी हातात धरून फोटो हवा झाला, मग बाकीच्यांनाही. सोडल्यावर ती ओरडत दूर निघून गेली आणि घरट्याशी आली ती साडेतीनला.

त्यानंतर सतरा दिवस ती त्या मेलेल्या अंड्यांवर सावली धरत राहिली. समितीच्या पडद्यावर तिचा ठिपका जागचा हलत नव्हता. यंत्र छान चालतंय, असं अध्यक्षांनी कळवलं.

अहवालात ताईनं लिहिलं, 'तीव्र उष्णतेमुळे अंडी निकामी.' मामा शेजारी उभे राहून वाचत होते.

"किती वाजता, तेही लिहा ना, ताई."

तिनं तो रकाना मोकळा ठेवला. मामा दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

तीन वर्षांचा निधी मंजूर झाला. अहवालातलं उष्णतेचं वाक्यच समितीला सर्वांत पटलं होतं. पुढच्या हंगामात ताईनं आणखी बारा टिटव्यांना यंत्रं बसवली. घरटी शोधायला नवा माणूस होता. त्याला कुठल्याही वेळी सांगा, तो हो म्हणायचा.