दुहेरी फडक्यातून

पाणी गाळायचं फडकं दुहेरी धरायचं. एकेरीतून जीव निसटतात.

जर्मन रीस्लिंग ही पांढरी वाइन थंडच प्यायची. इटलीची लाल वाइन आधी उघडून ठेवायची, तिला हवा लागू द्यायची.

मद्य, मांस, मध. तिन्ही वर्ज्य. लग्नाआधी आईनं मुनिमहाराजांसमोर घेतलेला नेम.

ग्लासात दोन बोटं. त्याहून जास्त ओतणं अडाणीपणाचं.

दिवस बुडायच्या आत ताटं उचललेली पाहिजेत.

हे सगळं मंगळवार पेठेतल्या एकाच घरात, एकाच संध्याकाळी.

घरचं जेवण आणि युरोपातल्या वाइन, असा कार्यक्रम त्या घरातल्या अनेकांतला सुरू करायचा होता. पहिली चव घ्यायला त्यानं मित्र अमरसिंह आणि त्याची बायको वर्षाराणी यांना बोलावलं होतं. अमरसिंहचं हॉटेल. त्याला पटलं तर तिथं दर शनिवारी पंगत बसणार होती. स्वयंपाक आईचा. प्रभावतीबाईंना त्यानं सांगितलं होतं, पाहुणे परदेशी द्राक्षांचा रस चाखायला येणार आहेत.

ऊन अजून खिडकीत होतं. रीस्लिंगबरोबर कटाची आमटी झाली.

"आधी गोडसर, मग आमटीचा मसाला उठतोय," वर्षाराणी म्हणाली. "कांदा-लसूण नसून?"

"आईचा हात," अनेकांत म्हणाला. खुलला होता. "आता भाकरी, कारळ्याची चटणी आणि लाल."

लाल बाटली टेबलावर नव्हती.

प्रभावतीबाई आतून आल्या. हातात पितळी तांब्या.

"उघडाच ठेवलावतास रस? न गाळता? पाणीसुद्धा आपण असं पीत न्हाय. गाळलाय मी. तळाला गाळ बी होता की."

त्यांनी अमरसिंहचा ग्लास काठोकाठ भरला.

"पुरे काकू, पुरे!"

"पुरे कशाचं? एवढा गडी, आणि चिमणीगत पितोय. ह्येनं ओतलंय बघा कसं, मोजूनमापून!"

अमरसिंह खदखदून हसला. "काय मोकळं घर हाय राव तुझं! आमच्या आईला वास आला तरी ती मला बाहेर काढंल. काकू, तुम्ही पण घ्या की."

"पावण्यांनी म्हटल्यावर न्हाय कसं म्हणू?" त्यांनी वाटी ओढली. थोडा ओतला.

'आई' हा शब्द अनेकांतच्या घशापर्यंत आला. थांबवलं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं, सगळ्यांसमोर. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

प्रभावतीबाईंनी घोट घेतला.

त्यांचा चेहरा उतरला. वाटी खाली ठेवून त्यांनी डोईवरचा पदर पुढं ओढला.

"अरं, आंबलाय की रं ह्यो! आणि मी आग्रह करून वाढत बसलीय. पावणं, माफ करा. आमच्या घरात नासकं कधी कुणाला वाढलं न्हाय. ह्येला काय कळत न्हाय." त्या अमरसिंहच्या हातातला ग्लास काढून घ्यायला वाकल्या.

अमरसिंहचं हसू गेलं. त्यानं अनेकांतकडं पाहिलं. अनेकांतनं ताटाकडं.

"न्हाय काकू," अमरसिंह हळू म्हणाला. "चांगलाय रस." आणि काढा प्यावा तसा भरलेला ग्लास त्यानं एका दमात संपवला.

पुरणपोळीला कुणी थांबलं नाही. वर्षाराणी प्रभावतीबाईंच्या पाया पडली, जरा जास्तच वेळ. दारात चपला घालताना अमरसिंह म्हणाला, "मला फोन करू नकोस. काय?"

मागं मोरीत प्रभावतीबाई फडकं चोळत होत्या. डाग निघत नव्हता.

"उद्या ताजी द्राक्षं आण," त्या वर न बघता म्हणाल्या. "रस मीच काढीन. बोलव त्यांना परत. लाज गेली बघ आज माझी."

"व्हय," अनेकांत म्हणाला.

दोन्ही बाटल्यांवरची 'मद्यपान आरोग्यास घातक आहे' ही मराठी पट्टी अनेकांतनं सकाळीच नखानं खरवडून काढली होती.